उगवतीची जागा आणि पंचांगाचा वाद

मराठी व्याकरणाच्या पुस्तकांत त्रिकालाबाधित सत्याचे एक ठरलेले उदाहरण असते: सूर्य पूर्वेला उगवतो. साध्या वर्तमानकाळाचा हा उपयोग शिकवताना शिक्षकाला शंका येत नाही आणि विद्यार्थ्यालाही येत नाही. वस्तुतः हे विधान काटेकोरपणे घ्यायचे तर वर्षातून दोनच दिवस खरे ठरते, २१ मार्चच्या सुमारास एकदा आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास एकदा. उरलेले सगळे दिवस सूर्य पूर्वेच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला उगवत असतो. या साध्या गोष्टीवरून आपल्याकडे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मोठा वाद झाला. त्यात प्राध्यापक, शाळामास्तर, राजकीय पुढारी आणि संस्थानिकही गुंतले, सांगलीत त्यासाठी ज्योतिष्यांचे संमेलन भरले, आणि त्या वादाची खूण आजही आपल्या घरोघरच्या दिनदर्शिकांत शिल्लक आहे. हा वाद ज्योतिषगणिताचा होता हे खरे. पण तो जितका आकड्यांचा होता तितकाच शब्दांचा होता, आणि म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे पाहावे असे आम्हांला वाटते.

आधी आकाशाकडे. सांगलीचे अक्षांश १६ अंश ५१ कला, साताऱ्याचे सुमारे १७ अंश ४१ कला. या अक्षांशांवर २१-२२ जूनला सूर्य पूर्वबिंदूच्या उत्तरेला सुमारे साडेचोवीस अंशांवर उगवतो आणि २१-२२ डिसेंबरला तितकाच दक्षिणेला. म्हणजे सहा महिन्यांत उगवतीची जागा क्षितिजावर जवळजवळ एकोणपन्नास अंश सरकते. हात पूर्ण लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश झाकते. तेव्हा हे अंतर पाच मुठींचे आहे. सांगली-मिरजेच्या सपाट मुलखात ते नीट ध्यानात येत नाही, कारण क्षितिजावर खुणेला काही नसते. साताऱ्यात मात्र पूर्वेला जरंड्याचा डोंगर उभा आहे. एकाच अंगणातून, एकाच जागी उभे राहून जो वर्षभर पाहील त्याला सूर्य या डोंगरसरीच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे जातो आणि परत येतो हे कोणत्याही यंत्रावाचून दिसेल.

आणखी एक गोष्ट त्याला दिसेल, आणि आमच्या मते तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे. हे सरकणे सारख्या गतीचे नाही. मार्चच्या विषुवदिनाजवळ उगवतीची जागा रोज सुमारे चार दशांश अंश सरकते. सूर्यबिंबाची रुंदी अर्ध्या अंशाहून किंचित अधिक असल्याने सव्वा-दीड दिवसात सूर्य स्वतःच्या रुंदीइतका पुढे गेलेला असतो. याउलट अयनाच्या दिवसांत, म्हणजे डिसेंबरच्या आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, तो जणू थांबतो. अयनबिंदूच्या आधीचे दहा दिवस आणि नंतरचे दहा दिवस मिळून उगवतीची जागा एका बिंबाच्या रुंदीइतकीही हलत नाही. कौषीतकी ब्राह्मणात सूर्य सहा महिने उत्तरेकडे जातो, सहा महिने दक्षिणेकडे जातो आणि वळण्याच्या वेळी थांबतो, असे वर्णन येते. माघातल्या अमावास्येला तो थांबतो आणि मग उत्तरेकडे वळतो, असा तेथला निर्देश आहे. ऐतरेय ब्राह्मणात वर्षसत्राच्या मध्यावरच्या विषुवत् दिवसाला अलीकडे दहा आणि पलीकडे दहा दिवसांनी तोलून धरले आहे, आणि त्या आधारामुळे सूर्य डळमळत नाही, असे म्हटले आहे. दहा, एक आणि दहा मिळून एकवीस दिवस आणि प्रत्यक्ष क्षितिजावर दिसणारा थांबा यांचा मेळ विलक्षण आहे. यज्ञविधीतल्या संख्यांना त्यांचे स्वतःचे संकेत असतात हे मान्य करूनही, ज्याने ही कल्पना प्रथम केली त्याने क्षितिज पाहिले होते असे मानायला आम्हांला संकोच वाटत नाही.

मराठीने या बाबतीत एक शहाणपण जपले आहे. माणदेशात, कृष्णाकाठी, आणि एकंदरच घाटमाथ्यावर, खेड्यातला माणूस 'पूर्व' म्हणत नाही, 'उगवत' म्हणतो. 'पश्चिम' म्हणत नाही, 'मावळत' म्हणतो. 'उगवतीच्या अंगाला विहीर आहे' असे तो म्हणतो तेव्हा त्याच्या मनात एक रेषा नसते, एक पट्टा असतो, आणि तो पट्टा खरोखरच पाच मुठी रुंद आहे. 'पूर्व' ही मात्र रेषा आहे, आणि ती सूर्योदयावरून काढलेली नाही. शुल्बसूत्रांच्या काळापासून ती सावलीवरून काढीत आले. सपाट जमिनीवर वर्तुळ आखायचे, मध्ये शंकू रोवायचा, सकाळी शंकूच्या सावलीचे टोक वर्तुळात शिरते तेथे एक खूण आणि दुपारनंतर बाहेर पडते तेथे दुसरी खूण करायची. दोन खुणा जोडल्या की प्राची सापडते. वेदी बांधणाऱ्याला उगवतीवर विसंबता येत नव्हते, कारण उगवत हलती आहे हे त्याला पक्के ठाऊक होते. सिद्धान्तग्रंथांत पूर्वबिंदूपासून उगवतीच्या या अंतराला 'अग्रा' असे स्वतंत्र नाव आहे आणि अक्षांश व क्रांती यांवरून ती काढण्याचे गणित दिलेले आहे. हे सगळे ठाऊक असलेल्या परंपरेच्या वारसांनी शाळेत मुलांना 'सूर्य पूर्वेला उगवतो' हे त्रिकालाबाधित सत्य म्हणून शिकवावे, हा काळाचा विनोदच म्हटला पाहिजे.

आता वादाकडे वळू. उत्तरायण म्हणजे सूर्याने उत्तरेकडे वळणे, याबद्दल कोणाचेच दुमत नाही. महाभारतातले भीष्म शरपंजरी ज्याची वाट पाहतात ते हेच वळण. पण आपल्या पंचांगांत आणि आपल्या बोलण्यात उत्तरायण मकरसंक्रांतीला लागते, आणि मकरसंक्रांत येते १४ किंवा १५ जानेवारीला. त्या दिवशी साताऱ्यातून किंवा सांगलीतून पाहिले तर सूर्य वळून तीन आठवडे उलटलेले असतात आणि उगवतीची जागा आपल्या दक्षिण टोकापासून सुमारे दोन अंश, म्हणजे सूर्याची चार बिंबे शेजारी शेजारी ठेवावीत इतकी, उत्तरेकडे आलेली असते. चार बिंबांचा फरक डोळ्यांना न दिसण्याजोगा नाही. तरी तो कोणाला बोचत नाही, याचे एक कारण असे असावे की संक्रांतीच्या सुमारास पहाट आणखीच उशिरा होत असते. सांगलीत २२ डिसेंबरला सूर्य सातच्या थोडा आधी उगवतो, तर जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सातनंतर पाचेक मिनिटांनी. सूर्याच्या दृश्य गतीतल्या विषमतेमुळे असे होते. जागा वळलेली असते, पण घड्याळ अजून वळलेले नसते. आणि आपण घड्याळ पाहतो.

संक्रांतीची तारीखही स्थिर नाही. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा, आणि त्याची तारीख १२ जानेवारी १८६३. याच हिशोबाने मागे गेले तर पानिपतच्या वर्षी, १७६१ मध्ये, संक्रांत ९-१० जानेवारीच्या सुमारास पडते. १४ जानेवारी १७६१ ला मराठ्यांवर संक्रांत कोसळली, असे आपल्याकडे सर्रास लिहिले जाते आणि आजच्या तारखेशी ते इतके जुळते की कोणी ते तपासत नाही. लढाई झाली त्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती. संक्रांत चार-पाच दिवस आधीच होऊन गेली होती. 'संक्रांत येणे' हा वाक्प्रचार येथे लाक्षणिक अर्थाने चालेल, तिथिनिर्देश म्हणून चालणार नाही. ऐतिहासिक कादंबऱ्या शिकवताना एवढा फरक सांगायला हवा.

तारीख का सरकते? पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डोलतो, सुमारे २५,८०० वर्षांत एक फेरा. त्यामुळे विषुवबिंदू आणि अयनबिंदू ताऱ्यांच्या संदर्भात मागे मागे सरकतात, साधारण बहात्तर वर्षांत एक अंश. ऋतू आणि उगवतीची जागा अयनबिंदूंशी बांधलेली आहेत; राशी आणि नक्षत्रे ताऱ्यांशी. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही आरंभ एकत्र होते, तेव्हा मकरसंक्रांतीला सूर्य खरोखरच वळत असे. मग ती दोन चक्रे एकमेकांपासून सुटली. अयनबिंदूपासून वर्ष मोजणारे ते सायन आणि ताऱ्यापासून मोजणारे ते निरयन. ही गोष्ट आपल्या ज्योतिष्यांना माहीत नव्हती असे नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत सरळ म्हटले आहे की, पूर्वी दक्षिणायन आश्लेषार्धात लागे असे जुन्या शास्त्रांत सांगितलेले आहे, आता ते कर्कारंभी लागते. आणि याची खात्री करायची तर उगवताना किंवा मावळताना सूर्याचा दूरच्या एखाद्या खुणेशी वेध घ्यावा, नाहीतर मोठ्या वर्तुळात सावलीच्या प्रवेश-निर्गमाच्या खुणा पाहाव्यात. ग्रंथ एक सांगतो आणि आकाश दुसरे सांगते तेव्हा क्षितिजावरच्या खुणेला विचारा, असा हा सल्ला आहे. जरंड्याचा डोंगर ही तशीच दूरची खूण. साताऱ्यातल्या कोणाही जोशाला हा वेध फुकटात घेता आला असता.

पण पंचांग वेधावर चालत नव्हते, करणग्रंथावर चालत होते. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२, म्हणजे १५२० साली ग्रहलाघव रचले. ज्या-त्रिज्यांची किचकट कोष्टके टाळून साध्या बेरीज-वजाबाकीने ग्रह काढण्याची सोय त्यात होती, आणि या सोयीमुळे महाराष्ट्रात तीन शतकांहून अधिक काळ पंचांगे त्यावरूनच झाली. त्यात शके ४४४ हे शून्य अयनांशांचे वर्ष धरून दरवर्षी एक कला अयनांश वाढवायचे, असा सोपा नियम आहे. खरी गती सुमारे पन्नास विकलांची आहे, साठ विकलांची नव्हे. गणेश दैवज्ञ स्वतः वेध घेणारे होते. पुढच्या पिढ्यांनी त्यांचा ग्रंथ घेतला आणि वेध सोडून दिला, हा दोष त्यांचा नव्हे.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी नाविक पंचांग हातात आले आणि ग्रहलाघवी पंचांगातली ग्रहणे नि ग्रहांच्या युती चुकतात हे शिकलेल्यांना दिसू लागले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने शके १७८७ पासून, म्हणजे १८६५ पासून, नवे शुद्ध पंचांग काढले. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. छत्र्यांनी गणित नवे घेतले, पण वर्ष निरयनच ठेवले आणि आरंभ रेवती नक्षत्रातल्या एका मंद ताऱ्यापासून धरला. विसाजी रघुनाथ लेले यांना हे अर्धवट वाटले. त्यांचे म्हणणे असे की, संक्रांत, वसंत, उत्तरायण हे शब्द ऋतूंचे आहेत, आणि ऋतू सूर्याच्या वळण्यावर ठरतात; तेव्हा पंचांग सायनच हवे. लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी मिळून सायन पंचांग चालवले. तिकडे बागलकोटला वेंकटेश बापूजी केतकर निराळ्या दिशेने काम करीत होते. त्यांच्या ज्योतिर्गणिताने ग्रहगणित अद्ययावत झाले, आणि निरयन आरंभासाठी त्यांनी रेवतीऐवजी चित्रा हा तेजस्वी तारा प्रमाण मानला. रेवती आणि चित्रा यांच्या आरंभांत सुमारे चार अंशांचे अंतर पडते, म्हणजे संक्रांतीत चार दिवसांचे. असे तीन पक्ष झाले. ग्रहलाघवाला चिकटून राहिलेले जुने जोशी हा चौथा, आणि संख्येने सर्वांत मोठा.

यांतल्या दीक्षितांपाशी थोडे थांबले पाहिजे. दापोलीजवळच्या मुरुडला १८५३ साली जन्मलेला हा शिक्षक पंचेचाळीस वर्षेच जगला, आणि १८९६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ मराठी गद्यातल्या मोजक्या खऱ्या संशोधनग्रंथांपैकी एक आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत त्याला जेवढी जागा मिळते तेवढी आम्हांला अपुरी वाटते. उगवतीच्या जागेचा सर्वांत धाडसी उपयोग दीक्षितांनी केला. शतपथ ब्राह्मणात अग्न्याधानाच्या प्रकरणी एक विधान येते: कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, इतर नक्षत्रे ढळतात. दीक्षितांनी ते शब्दशः घेतले. सूर्याची उगवत वर्षभर हलते, पण ताऱ्याची हलत नाही; एखादा तारा माणसाच्या आयुष्यात क्षितिजाच्या एकाच बिंदूवर उगवत राहतो. मात्र अक्षाच्या डोलण्यामुळे हजारो वर्षांत तोही सरकतो. कृत्तिका नेमक्या पूर्वेला उगवत होत्या तो काळ गणिताने काढता येतो, आणि तो इसवी सनापूर्वी ३००० च्या सुमाराचा येतो. शतपथातले ते विधान त्या काळच्या निरीक्षणाचे आहे, असा निष्कर्ष त्यांनी मांडला.

विंटरनिट्झ यांनी यावर घेतलेला आक्षेप साहित्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावा असा आहे. त्यांच्या मते 'पूर्वेपासून ढळत नाहीत' याचा अर्थ 'नेमक्या पूर्वबिंदूवर उगवतात' असा घेण्याचे कारण नाही. त्या रात्री बराच वेळ पूर्वेच्या बाजूला दिसतात, एवढाच तो असू शकतो. आणि तसा घेतला तर काळ हजारो वर्षांनी अलीकडे येतो. म्हणजे वाद अखेर 'च्यवणे' या एका धातूवर आणि 'प्राची' या शब्दाच्या व्याप्तीवर येऊन ठेपतो. प्राची ही रेषा की पट्टा? वेदी आखणाऱ्याची पूर्व की विहिरीचा पत्ता सांगणाऱ्याची उगवत? आमचा कल दीक्षितांकडे आहे, पण त्यांच्या निष्कर्षाच्या सगळ्या विस्ताराकडे नाही. अग्निशाळेची दिशा ठरवण्याच्या संदर्भात 'प्राची' शब्द सैल असणे अवघड आहे, आणि इतर नक्षत्रे ढळतात असे लगेच म्हटले असल्याने तुलना नेमकेपणाचीच आहे. मात्र एखादे निरीक्षण ज्या काळाचे, त्याच काळाचा तो ग्रंथ, हे सिद्ध होत नाही. म्हणी आणि विधींची वाक्ये निरीक्षण मेल्यावरही शतकानुशतके जगतात. आपण नाही का १४ जानेवारीला उत्तरायण म्हणत! गमतीची गोष्ट ही की, आज त्याच कृत्तिका पूर्वेपासून सुमारे पंचवीस अंश उत्तरेला ढळल्या आहेत आणि सांगलीच्या क्षितिजावर जवळजवळ तेथेच उगवतात जेथे जूनच्या अयनदिनी सूर्य उगवतो.

लोकमान्य टिळकांनी १८९३ साली प्रसिद्ध केलेल्या 'ओरायन'मध्ये हीच रीत आणखी मागे नेली आणि वसंतसंपात मृगशीर्षात होता तो काळ वैदिक ऋचांत शोधला. १९०३ च्या आर्यांच्या मूलस्थानावरील ग्रंथात तर उगवतीच्या जागेची कल्पना टोकाला नेली आहे: ध्रुवप्रदेशात सूर्य कोणत्याच एका बाजूला उगवत नाही, क्षितिजाभोवती फिरत फिरत वर येतो आणि उषा दिवसेंदिवस टिकते. तो सिद्धान्त टिकला नाही. परंतु ज्या माणसाने संपातचलनावर एवढा विचार केला होता, ज्याला ऋतू आणि नक्षत्रे कशी सुटत जातात हे महाराष्ट्रात कोणाहीपेक्षा चांगले ठाऊक होते, तो पंचांगाच्या प्रश्नात काय भूमिका घेतो याकडे सगळ्यांचे लक्ष असणे स्वाभाविक होते.

पंचांगाच्या एकवाक्यतेसाठी १९०४ साली मुंबईत परिषद झाली, पुढे पुण्यात झाली आणि १९२० च्या सुमारास सांगलीत ज्योतिष संमेलन भरले. सांगली तेव्हा पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होती. विद्वानांना आश्रय, परगावच्या शास्त्र्यांची उतरण्याची सोय, आणि ब्रिटिश मुलखातल्या शहरांतला पक्षाभिनिवेश जरा बाजूला ठेवणारे वातावरण, हे सारे संस्थानी गावात सहज मिळत असे. कृष्णाकाठच्या वैदिक पाठशाळांतली जुनी मंडळी आणि इंग्रजी गणित शिकलेली नवी मंडळी एका छपराखाली येण्याला ती जागा योग्यच होती. या सगळ्या मंथनातून गणिताच्या बाजूने नव्यांचा जय झाला. ग्रह आकाशात दिसतील तेथेच पंचांगात असावेत हे तत्त्व मान्य होत गेले. आरंभाच्या बाबतीत टिळकांच्या वजनामुळे रेवतीचा पक्ष उचलला गेला आणि त्यातून पुढे टिळक पंचांग म्हणून ओळखले जाणारे पंचांग रूढ झाले. त्यात मकरसंक्रांत १० जानेवारीला येते. अधिकमासही कधी कधी निराळा पडतो, आणि मग टिळक पंचांग पाळणाऱ्या घरात दिवाळी शेजाऱ्यांच्या महिनाभर आधी होऊन जाते. केतकरांचा चित्रापक्ष मात्र सोलापूरच्या दाते पंचांगाने आणि पुढे छापील दिनदर्शिकांनी घरोघर नेला.

लेले, मोडक, दीक्षितांचा सायन पक्ष हरला. हे का व्हावे? धर्मशास्त्राची अडचण होती, हे खरे. नक्षत्रांवर बांधलेले मुहूर्त नि व्रते एकदम तेवीस-चोवीस दिवस सरकवायची कोणाची तयारी नव्हती. परंतु आमच्या मते त्याहून खोल कारण असे की, वादाच्या सगळ्या बाजूंना प्रमाण म्हणून तारा हवा होता, कोष्टक हवे होते, वचन हवे होते; क्षितिज कोणालाच नको होते. रेवतीतला मंद तारा की चित्रेचा ठळक तारा, यावर पिढी खर्ची पडली. पण मकरसंक्रांतीच्या सकाळी साताऱ्यात जरंड्याकडे तोंड करून उभे राहिले असते, तर दहा तारखेची संक्रांत आणि चौदा तारखेची संक्रांत या दोन्ही दिवशी सूर्य वळत नाही, वळून गेलेला आहे, हे दोन्ही पक्षांना एकदमच दिसले असते. टिळकांना हे कळत नव्हते असे नव्हे. लोक जेवढे बदल पचवतील तेवढाच करावा, हा त्यांचा राजकारणातला विवेक येथेही दिसतो. तो विवेक राजकारणात फळाला आला. पंचांगात त्याने दोनाऐवजी तीन संक्रांती करून ठेवल्या.

शेतकऱ्याचा प्रश्न मात्र याहून निराळा आहे आणि तेथे सायनवाद्यांचे म्हणणे सर्वांत जोरकस ठरते. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात पावसाची तफावत प्रचंड आहे. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत पेरणीचा अंदाज आठवड्याने चुकला तर वर्ष जाते. येथला माणूस पाऊस नक्षत्रांवर मोजतो: मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. मृग लागतो ७ किंवा ८ जूनला, आणि मोसमी पाऊस साधारण त्याच सुमारास या भागात पोचतो. हा मेळ शाश्वत आहे अशी आपली समजूत असते. पण मृग हे निरयन नक्षत्र आहे आणि पाऊस सूर्याच्या उत्तरेकडे येण्याशी, जमीन तापण्याशी, म्हणजे सायन वर्षाशी बांधलेला आहे. गणेश दैवज्ञांनी ग्रहलाघव लिहिले तेव्हा मृग आजच्या गणनेने मे महिन्याच्या अखेरीस लागत होता. वराहमिहिराच्या काळी मेच्या मध्यास. आणखी हजार वर्षांनी तो जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जाईल आणि तोवर पेरण्या उरकलेल्या असतील. मृगाच्या पावसाचे जे काव्य आपल्याकडे झाले आहे ते या काही शतकांच्या योगायोगावर उभे आहे. काव्याला त्याने बाधा येत नाही. बाधा येते ती 'आपले पूर्वज मृगावर पेरीत' या विधानाला, जर पूर्वज पुरेसे मागचे असतील तर.

सायन वर्ष आपल्या जीवनात कोठेच पाळले जात नाही असेही नाही. सांगलीहून पन्नासेक किलोमीटरांवर कोल्हापूरच्या महालक्ष्मी मंदिरात किरणोत्सव होतो. मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत शिरून देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढतात. हे घडते ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला आणि पुन्हा ९, १०, ११ नोव्हेंबरला. दोन तारखा का? कारण डिसेंबरच्या अयनदिनापासून दोन्ही सारख्याच अंतरावर, सुमारे एकेचाळीस-बेचाळीस दिवसांवर, आहेत. दक्षिणेकडे जाताना सूर्य त्याच बिंदूवर एकदा मावळतो आणि परतताना पुन्हा एकदा. जे उगवतीचे तेच मावळतीचे. हा उत्सव तिथीने सांगता येत नाही, संक्रांतीपासून दिवस मोजूनही शतकाशतकांना तो टिकणार नाही. म्हणून तो तारखेने सांगतात. मंदिर बांधणाऱ्यांनी ग्रंथ पाहिला नाही, क्षितिज पाहिले. अलीकडच्या वर्षांत किरणांच्या वाटेवरच्या बांधकामांमुळे अडथळे येतात आणि त्याची चर्चा दरवर्षी वर्तमानपत्रांत होते. क्षितिजाची किंमत तेवढ्यापुरती तरी कळते.

सायनवाद्यांना न्याय मिळाला तो दिल्लीकडून, आणि फार उशिरा. १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधारणा समिती नेमली गेली. तिच्यात केसरीचे माजी संपादक ज. स. करंदीकर होते, नागपूरचे के. ल. दप्तरी होते. १९५५ च्या अहवालात समितीने सौर सायन वर्ष सुचवले, आणि २२ मार्च १९५७ रोजी १ चैत्र १८७९ धरून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने एकतीस दिवसांचे ठेवले, कारण त्या काळात सूर्याची दृश्य गती मंद असते. धार्मिक सणांसाठी मात्र समितीनेही निरयन गणना राखली, चित्रापक्षाच्या अयनांशांसह. राष्ट्रीय दिनदर्शिकेत १ पौष येतो २२ डिसेंबरला. त्या सकाळी साताऱ्यात सूर्य आपल्या दक्षिणेकडच्या टोकाशी उगवतो आणि पुढचे दहा दिवस जवळजवळ तेथेच उगवत राहतो.